वात आणणारी वात

मराठी भाषेतल्या दोन शब्दांवर सरकारने ताबडतोब बंदी घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला शब्द 'घरगुती' आणि दुसरा 'चालतंय'. हे दोघे एकेकटे हिंडतात तोवर निरुपद्रवी असतात. घरगुती लोणचं उत्तमच लागतं, आणि दुपारच्या चहात साखर जरा कमी पडली तर चालतंय. पण हे दोघे हातात हात घालून आले, 'घरगुती आहे, चालतंय' असं कुणी म्हणालं, की समजावं, आता कुणाचं तरी काहीतरी जळणार! हे मी अलंकारिक बोलत नाही. खरोखरीच जळणार. आमच्या मजल्यावर जळलं.

मी बँकेत कारकून. वाणिज्य शाखेचा पदवीधर. म्हणजे विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या निकालानंतर उभयपक्षी संमतीने संपलेला. अशा माणसाने मेणबत्तीविषयी अधिकारवाणीने बोलावं का, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्यावर माझं उत्तर एवढंच, की गेल्या दीड वर्षात मी घरच्या ओट्यावर सोयाबीनच्या मेणाच्या १११ मेणबत्त्या ओतल्या आहेत आणि त्यांतल्या निदान निम्म्यांनी मला तोंडघशी पाडलं आहे. अधिकार यापेक्षा वेगळा काय असतो? बँकेत सुद्धा कर्जवसुलीवर व्याख्यान द्यायला ज्याची सर्वांत जास्त कर्जं बुडाली आहेत त्यालाच बोलावतात.

झालं असं, की एका रविवारी डोंबिवलीतल्या एका हॉलमध्ये मेणबत्त्यांचा एक दिवसाचा वर्ग भरला. ही आणि आमची कन्या दोघी तिथे गेल्या. फी बाराशे रुपये, चहा आणि एक समोसा त्यातच. संध्याकाळी परतल्या तेव्हा दोघींच्या हातांत एकेक मेणबत्ती होती आणि तोंडात एकच वाक्य होतं.

"अहो, अगदी सोप्पंय! मेण वितळवायचं, वास घालायचा, वात लावायची आणि ओतायचं. झालं!"

हे 'झालं' मला तेव्हाच खटकायला हवं होतं. गृहकर्ज सुद्धा असंच सोपं असतं. फॉर्म भरायचा, सही करायची, पैसे घ्यायचे. झालं! पुढची वीस वर्षं त्या 'झालं'च्या पोटात असतात.

पाच किलो मेण आलं. पांढरेशुभ्र पापुद्रे. आईने त्यातला एक चिमटीत धरला, अंगठ्याने चोळला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "अरे, हा तर डालडा!"

आम्ही तिघेही हसलो. हसायला नको होतं. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, की ऐंशी वर्षांच्या बाईने एका चिमटीत जे ओळखलं ते आम्हाला बाराशे रुपये भरूनही कुणी सांगितलं नव्हतं. सोयाबीनच्या पातळ तेलात हायड्रोजन मुरवला, की ते घट्ट होतं. तेलं घट्ट करण्याची ही युक्ती जर्मनीतल्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली पेटंट करून ठेवली. आपलं वनस्पती तूप त्याच विद्येतून आलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स नावाच्या गृहस्थांनी सोयाबीनच्या तेलाचं असं घट्ट रूप मेणबत्तीत आणलं. म्हणजे लातूर-अकोल्याकडे शिवारं भरून जे पीक उभं असतं, त्याच्या तेलाची ही एक फॅशनेबल नात. आजी मात्र डालड्याच्या डब्यातलीच.

हे मी ज्ञान पाजळण्यासाठी सांगत नाही. निम्म्या तक्रारींचं उत्तर या वंशावळीत आहे. हे मेण मऊ. पन्नास अंशांच्या आसपास वितळणारं. पॅराफिनच्या मेणबत्तीसारखं ताठ उभं राहणं त्याला जमत नाही. म्हणून त्याला काचेचं भांडं लागतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही मेणबत्ती स्वतःच्या ऐपतीवर उभी नाही, तिला जामीनदार लागतो. आणि जामीनदाराचं पुढे काय होतं, हे मला बावीस वर्षांच्या नोकरीत तोंडपाठ झालेलं आहे.

पहिल्या खेपेची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती फार काळ आठवत बसणं प्रकृतीला बरं नाही. सुगंधी तेल महाग, म्हणून कन्येने केकमध्ये घालायचा व्हॅनिला इसेन्स घातला. तो मेणात विरघळलाच नाही. मेणाशी त्याचं जमत नाही. त्यात असतं ते पाण्याशी सख्य ठेवणारं. तळाशी थेंबथेंब होऊन बसला आणि वात तिथवर पोचल्यावर दिवाळीच्या लवंगीसारखा तडतडला. रंगासाठी खाण्याचा रंग घातला, त्याचंही तेच. मग मुलीच्या जुन्या कंपासपेटीतले मेणाचे खडू किसून घातले. ते विरघळले, पण त्यांतल्या रंगाच्या कणांनी वातीच्या नसा तुंबल्या आणि ज्योत श्वास कोंडल्यासारखी बारीक झाली. मापाचं काम अर्थातच माझ्याकडे. २०० मिलिलिटरचा ग्लास म्हणजे २०० ग्रॅम मेण, असा हिशेब मी आत्मविश्वासाने मांडला. मेण पाण्याहून हलकं असतं, हे वाणिज्य शाखेत शिकवत नाहीत. वर थोडी जागा सोडून त्या ग्लासात जेमतेम १६० ग्रॅम मावलं. उरलेलं मी मोरीत ओतलं आणि वर गार पाणी सोडलं.

प्लंबरने ९०० रुपये घेतले. जाताना तो म्हणाला, "साहेब, हे मेण वाटीत थिजवायचं असतं. परत वापरता येतं." बाराशेच्या वर्गापेक्षा हा नऊशेचा वर्ग जास्त चांगला होता, आणि समोसा आम्ही दिला.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला मेणबत्त्या मेणबत्त्यांसारख्या दिसू लागल्या, आणि आता ज्या मंडळींविरुद्ध मी लेखणी उपसली आहे त्यांचा प्रवेश होतो.

मेणबत्ती घरी केली, की ती बघायला माणसं येतात. बघणारा प्रत्येक जण ती हातात घेतो, डोळ्यांसमोर धरतो, फिरवतो, हुंगतो आणि दोष काढतो. पेटवत मात्र कुणी नाही! मावशीने काचेतून दिसणारा पांढरट थर बघितला आणि नाक मुरडलं. "अगं बाई, याला बुरशी आलीय." दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरांना काचेला आतून मेण सुटल्याचे ओलसर दिसणारे डाग सापडले. साडूंना वरचा पृष्ठभाग खडबडीत वाटला. "विकायची तर फिनिशिंग पाहिजे राव!" आणि आम्ही, म्हणजे मी, ही आणि कन्या, दोन महिने या तीन गोष्टींच्या मागे वेड्यासारखे लागलो. हेअर ड्रायरने वरचा थर वितळव, ग्लास आधी कोमट करून ठेव, ओतल्यावर टॉवेलात गुंडाळून ठेव, पंखा बंद कर. मे महिन्यात डोंबिवलीत पंखा बंद! मेण सावकाश थिजावं म्हणून आम्ही तिघे वितळत होतो.

आता वाचकहो, नीट ऐका. ती बुरशी नव्हती. साजूक तूप थंडीत रवाळ होतं तेव्हा आपण त्याला बुरशी म्हणतो का? उलट रवा बघूनच पैसे मोजतो. तेलातुपाच्या वंशातलं हे मेण थिजताना स्फटिक धरतं, आणि दिवस-रात्रीच्या तापमानात चढउतार झाला की ते स्फटिक पांढऱ्या थरासारखे वर दिसू लागतात. ज्योतीला त्याचा पत्ताही नसतो. काचेवरचे ते ओले डाग म्हणजे मेण आकसताना काचेपासून किंचित सुटलं, एवढंच. तेही ज्योतीला माहीत नसतं. वरचा खडबडीतपणा तर पेटवल्यावर वितळून जातो. तीनही दोष दिसण्याचे. जळण्याचा एकही नाही.

बँकेत तपासनीस येतात तेव्हा दोन प्रकारचे शेरे मारतात. एक, 'रजिस्टरचा पुठ्ठा फाटलेला आहे'. दुसरा, 'तिजोरीतली रक्कम जुळत नाही'. तुम्हाला सांगतो, फाटलेल्या पुठ्ठ्याचा शेरा दुरुस्त करायला अख्खी शाखा धावते, कारण तो सोपा असतो. आमचंही तेच झालं होतं. पुठ्ठा चिकटवता चिकटवता तिजोरी बघायची राहिली.

तिजोरी म्हणजे वात. आमच्या मेणबत्त्या मध्यभागीच जळत खाली जात आणि काठाला चांगलं बोटभर जाड मेण तसंच उभं राहत असे. पारसिकच्या बोगद्यातून गाडी जावी तशी ज्योत आत आत जायची, शेवटी स्वतःच्याच वितळलेल्या मेणात बुडून मरायची. एवढा मोठा दोष! पण यावर मावशी काय म्हणाली असेल? "असू दे गं, घरगुती आहे. चालतंय." बघितलंत? जो पांढरेपणा निरुपद्रवी त्याला माफी नाही, आणि ज्या मेणबत्तीचं निम्मं मेण वाया जातंय तिला 'घरगुती' म्हणून सूट! घरगुतीपणाची सवलत द्यायचीच असेल तर ती दिसण्याला द्या, जळण्याला नको. आपण नेमकं उलटं करतो. माझं भांडण आहे ते याच्याशी.

बोगद्यावर सल्ले मात्र भरपूर मिळाले. साडू म्हणाले, मेण जास्त गरम असताना ओता. इंजिनियर म्हणाले, थंड असताना ओता. कन्या म्हणाली, सुगंधी तेल बदलू. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू म्हणाल्या, भांडं बदल. वर्गाच्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, मेणच बदला, आमच्याकडे चांगलं मिळतं. आम्ही सगळ्यांचा मान राखला. सगळ्याच गोष्टी एकदम बदलल्या. आणि काय आश्चर्य, मेणबत्ती झकास जळली! घरात पेढे आले. पुढच्या खेपेला जुनं मेण संपवायचं म्हणून ते घेतलं, भांडी मिळाली ती घेतली, आणि पुन्हा बोगदा. त्यांतला नेमका कोणता उपाय लागू पडला होता, ते कुणालाच सांगता येईना.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. पंचवीस पैशांचा फरक शोधायला आम्ही कधी पाच खात्यांत एकदम खाडाखोड करतो का? एक नोंद तपासायची, ती बरोबर असेल तर टिचकी मारायची, मग दुसरी. मी शंभर पानी वही आणली, रेघा मारल्या. तारीख, मेण किती ग्रॅम, तेल किती, कोणत्या अंशाला घातलं, कोणत्या अंशाला ओतलं, भांड्याची रुंदी, वातीचा नंबर, आणि शेवटचा रकाना 'जळल्यावर काय झालं'. एका खेपेला एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. घरात हसले सगळे. ही म्हणाली, "अहो, मेणबत्ती करतोय का कर्जाची फाईल?" मी म्हणालो, "दोन्ही जळतात, फाईल नसली तर का जळालं ते कळत नाही."

वहीने पहिल्याच महिन्यात बऱ्याच भानगडी उघड केल्या. आठ टक्के सुगंधी तेल म्हणजे कशाच्या आठ टक्के? नफा खरेदीवर की विक्रीवर, हा आमचा जुनाच घोळ. १६० ग्रॅम मेणाला आठ टक्के म्हणजे जवळजवळ १३ ग्रॅम, आणि मेण-तेल मिळून १६० हवं असेल तर मेण १४८ आणि तेल १२. हीने एक काढलं होतं, मी दुसरं, आणि कन्येने 'वास कमी येतोय' म्हणून अंदाजपंचे अजून एक पळी. जास्तीचं तेल मेणाला पेलत नाही. मग मेणबत्तीला घाम येतो, पृष्ठभागावर तेलाचे थेंब सुटतात. वास कमी येण्याचं खरं कारण वेगळंच होतं. आम्ही ओतल्याच्या दुसऱ्या दिवशीच पेटवत होतो. सोयाबीनच्या मेणाला सुगंध मुरायला एक-दोन आठवडे द्यावे लागतात. लोणच्याला धीर धरतो, मेणबत्तीला धरत नाही. तेलाने थोडं, मुरण्याने फार.

आणि वात? तिचा निकाल वहीने नाही, आईने लावला. देवघरातल्या समईची काजळी झाडता झाडता ती म्हणाली, "तुम्ही मेण बदलता, वास बदलता, भांडी बदलता. वात कुणी बघत नाही. अरे, तेल असो, तूप असो, वात जेवढं पिईल तेवढंच जळणार. बारीक वात ठेवली तर मिणमिणते, जाड ठेवली तर काजळी धरते."

मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने लंडनमध्ये मुलांसमोर निव्वळ मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली होती, आणि १८६१ साली तिचं पुस्तक निघालं. त्यातलं मर्म आईने समईपुढे बसून दोन वाक्यांत सांगितलं. मेण असं जळतच नाही. ते वितळतं, वातीतून वर चढतं, वर त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. वात बारीक असेल तर काठापर्यंतचं मेण वितळवण्याइतकी ऊब निघत नाही, म्हणून बोगदा. वात जाड असेल तर ती जळण्यापेक्षा जास्त पिते, म्हणून धूर, काळी काच आणि टोकावर कोळशाचं भूछत्र. १८२५च्या सुमारास फ्रान्समध्ये वेणी घातलेली वात निघाली. ती जळता जळता टोकाशी वाकते आणि ज्योतीच्या कडेला येऊन स्वतःच राख होते. त्याआधी दर थोड्या वेळाने कात्री घेऊन काजळी खुडत बसावं लागे. म्हणजे युरोपातल्या शहाण्या माणसांनी सुद्धा मेणाइतकाच विचार वातीचा केला. आम्ही वात घेतली ती पुडीत होती म्हणून.

मग आम्ही एक नंबरऐवजी तीन नंबरची जाड वात लावली. बोगदा गेला! दोन तासांत काठापर्यंत लख्ख तळं झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. साडूंनी ओळखीपाळखीत २२ मेणबत्त्या प्रत्येकी २५० रुपयांना खपवल्या. मी हळूच म्हणालो, की एक तरी शेवटपर्यंत जाळून बघायला हवी. साडू म्हणाले, "अहो, ९५ रुपयांची वस्तू नुसती जाळून टाकणार? दोन तास बघितलंय ना? घरगुती आहे, सगळं चालतंय!"

मी गप्प बसलो. या लेखात मी बऱ्याच जणांना नावं ठेवली आहेत, पण त्या गप्प बसण्याचं खातं माझ्या नावावर आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या रात्री समोरच्या काकूंची बेल वाजवण्याआधीच दार उघडं दिसलं. काकू एकट्या राहतात. मोगऱ्याचा वास त्यांना फार आवडतो, म्हणून त्यांनी आमची मेणबत्ती रोज थोडी थोडी लावली होती. त्या रात्री ती तळाला आली होती, टीपॉयवर विणलेल्या रुमालावर ठेवली होती, आणि काकूंचा खुर्चीत डोळा लागला. तळाशी मेण बोटभरसुद्धा उरलेलं नव्हतं, वात जाड, भूछत्र धरलेली, ज्योत हातभर. ग्लास कसला, तर आमचा चहाचा साधा ग्लास. तो तापला आणि तळाशी तडकला. जामीनदार फुटला! वितळलेलं मेण रुमालावर, रुमालाला ज्योत. काकूंना जळकट वासाने जाग आली. त्यांनी पाणी ओतलं नाही, हे त्यांच्या चाळीस वर्षांच्या ओट्याचं पुण्य. पेटत्या तेलात पाणी ओततात का? त्यांनी ओट्यावरचं मोठं झाकण आणून वर दडपलं आणि मग येऊन आम्हाला उठवलं.

टीपॉयवर बशीएवढा काळा डाग पडला. रुमाल गेला. तो त्यांच्या आईने विणलेला होता. काकू मला म्हणाल्या, "जाऊ दे रे, घरगुती वस्तू आहे, व्हायचंच."

एवढं बोलणं मला कुणी रागावून बोललं असतं तरी लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली आणि उरलेल्या २१ जणांकडे गेलो. १६ जणांनी मेणबत्ती परत दिली, पैसे घेतले. पाच जणांनी दिली नाही. म्हणे इतकी छान जळते, कशाला परत देऊ? त्यांना हात जोडून सांगितलं, की तळाशी बोटभर मेण राहिलं की लावू नका. मावशीने मात्र लगेच दिली. म्हणाली, "बरं झालं नेतोस ते. बुरशी आलीच होती." काकूंचे धरून ४२५० रुपये परत गेले. साडू म्हणाले, "तुम्ही उगाच बाऊ करता. खाली चिठ्ठी चिकटवायची होती, आपापल्या जबाबदारीवर पेटवावी म्हणून!" हा माणूस बँकेत असता तर आज फार वर गेला असता.

साडूंचं एक म्हणणं मात्र मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते पुष्कळांचं आहे. घरी चार पैसे मिळवू बघणाऱ्या बाईने एवढी परीक्षा करत बसावं कशी? तिला परवडेल का? तर हिशेब ऐका. २४ मेणबत्त्या विकल्या तर ६००० रुपये. त्यासाठी एक मेणबत्ती तळापर्यंत जाळायला ९५ रुपये. शेकडा दीड रुपया झाला. बँकेत याला तरतूद म्हणतात. ती केली नाही तर काय होतं, ते वर्तमानपत्रात वाचतो आपण.

माझ्या वहीत त्यानंतर नऊ पानं एकाच मेणबत्तीची आहेत. जाड काचेचं, उष्णता सोसणारं भांडं, सात सेंटिमीटर रुंद. दोन नंबरची वात. ओतल्यावर दोन आठवडे मुरवत ठेवली. मग चार-चार तासांच्या नऊ बैठका, प्रत्येक बैठकीआधी वात कापून सहा मिलिमीटर. पहिल्या बैठकीत काय झालं? काठाला थोडं मेण राहिलं! आमच्या सल्लागार मंडळाने लगेच कपाळाला हात लावला. पण मी वही धरून बसलो. चौथ्या-पाचव्या बैठकीला ज्योत भांड्यात खाली उतरली, आतली ऊब आतच कोंडू लागली आणि काठाला राहिलेलं ते मेण आपोआप खाली आलं. काच स्वच्छ! म्हणजे ज्या दोषापायी आम्ही जाड वात लावली तो थोडा धीर धरला असता तर बराचसा आपोआप गेला असता. आणि जाड वातीचा जो खरा दोष, तो पहिल्या दोन तासांत दिसणाराच नव्हता. तो तळाशी बसून वाट बघत होता. मेणबत्तीची परीक्षा वरून होत नाही, खालून होते. शेवटच्या दोन बैठकांना मी दर अर्ध्या तासाने काचेला बोट लावून बघत होतो. ही म्हणाली, "नाडी बघताय का?"

तेव्हा नवशिक्यांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. मेणावर पांढरं आलं तर येऊ द्या. काचेवर डाग पडले तर पडू द्या. वरून खडबडीत असेल तर असू द्या. तिथे खुशाल म्हणा, घरगुती आहे. पण वात कोणती, भांडं कसलं, तळाशी काय होतं, इथे तो शब्द तोंडातून काढू नका. दुसऱ्याच्या घरात पेटणारी वस्तू घरगुती नसते.

गेल्या महिन्यात काकूंकडे नवी मेणबत्ती घेऊन गेलो. पैसे घेणार नव्हतोच. टीपॉयवर नवा रुमाल होता, त्याच्यावर स्टीलचं ताट होतं. काकूंनी मेणबत्ती हातात घेतली, चष्मा लावला, उजेडात धरून फिरवली.

"अरे, पांढरं आलंय रे हिला."

"हो काकू. ते राहणार."

"आणि खालपर्यंत?"

"खालपर्यंत जाळून बघितलीय. हिची बहीण. छत्तीस तास."

"छत्तीस तास बसला होतास समोर?"

"आळीपाळीने. आई पण बसली होती."

काकूंनी ती ताटात ठेवली. "मग ठेव," म्हणाल्या, "आणि बस. चहा टाकते." थोड्या वेळाने चहा आला. काचेच्या साध्या ग्लासात. मी पेला तळाशी बोट लावून बघितला आणि काकू एवढ्या हसल्या, की मला कितीतरी दिवसांनी जरा बरं वाटलं.